मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला मासे कुठे आणि कसे खावेत?

घाटावरचा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस कोल्हापूरहून गाडीने सिंधुदुर्गात उतरतोय. मुक्काम तारकर्ली-देवबागच्या बाजूला, एक दिवस वेंगुर्ला-शिरोड्यासाठी राखून ठेवलाय. माणसं सहा. त्यातले दोघं ज्येष्ठ आणि पक्के शाकाहारी. एकाला कोळंबी-कुर्ल्या (खेकडे) चालत नाहीत, अंगावर गांध्या उठतात.

किनाऱ्याला लागून असलेल्या हॉटेलांत जेवावं की आत गावात खाणावळ शोधावी? सुरमई-पापलेट सोडून त्या हंगामात काय मागावं? ताटात पडलेला मासा ताजा की बर्फातला, हे गिऱ्हाईकाला कसं ओळखता येईल? मासे आपण विकत घेऊन करून घेता येतात का? आणि खर्चाचा अंदाज. "अमक्या ठिकाणी जा, मस्त आहे" एवढेच प्रतिसाद नकोत, तसे शोधल्यावर शेकड्याने सापडतात.

रापण

हॉटेल ठरवण्याआधी वार बघा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी या दिवशी इथली बरीच घरं मासे शिजवत नाहीत. स्थानिक गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर बाजारात मासेवाल्या बायका कमी बसतात, आणि ज्या हॉटेलला पर्यटकांसाठी मासा लागतोच ते आदल्या दिवशीच्या मालावर भागवतं. तुमचा आठवडा बहुतेक मार्गशीर्षात पडेल, त्यामुळे गुरुवार आणखीच कडक. त्या दिवशी कोंबडी-वडे किंवा शाकाहारी जेवण ठेवा आणि मासे बुधवार, शुक्रवार, रविवारवर टाका. चार दिवसांच्या सहलीत एवढं सांभाळलं तरी निम्मं काम झालं.

आता जागा. मालवण बाजारपेठेतल्या खाणावळींना दुपारी एक हक्काचं गिऱ्हाईक असतं: दुकानदार, बँका-कचेऱ्यांतली माणसं, कामानिमित्त तालुक्याला आलेले गाववाले. ही माणसं रोज येतात, त्यांना शिळा मासा एकदा वाढला तर दुसऱ्या दिवशी ती समोरच्या खाणावळीत बसतात. म्हणून दुपारचं जेवण गावात घ्या, साडेबारा ते दीडच्या दरम्यान. अडीचनंतर गेलात तर चांगला मासा संपलेला असतो आणि कालवणात पाणी वाढलेलं असतं. नावच हवं असेल तर बाजारातलं 'चैतन्य' जुनं आणि सर्वांना माहीत असलेलं आहे, पण शनिवार-रविवारी तिथे रांग लागते. रांगेत ज्येष्ठांना ताटकळत ठेवण्यापेक्षा दोन गल्ल्या पुढे जा आणि जिथे दुचाक्या जास्त व चारचाक्या कमी उभ्या असतील तिथे शिरा.

रात्रीचं जेवण मुक्कामाच्या ठिकाणी. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. त्यामुळे घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांना दोन्हीकडचा माल मिळतो: समुद्रातला बांगडा-सुरमई आणि खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं (दोन्ही शिंपल्यांतले जीव), खेकडे, कधी चोणक, तांबोशी, काळुंदर हे मासे. खाडीचा मासा हॉटेलच्या छापील मेन्यूवर सहसा नसतो. तो आला तरच असतो, म्हणून विचारल्याशिवाय मिळत नाही.

विचारायचं कसं, यालाही पद्धत आहे. "काय काय आहे?" म्हटलं की मेन्यू हातात येतो. "आज काय इला?" असं विचारा. सगळं आहे म्हणणाऱ्याकडे फ्रीज मोठा आहे असं समजावं. "बांगडो आसा, सौंदाळे आसत, सुरमई नाय" असं ज्याच्याकडून ऐकाल तिथे बसा.

मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री नऊच्या आत दुसऱ्या दिवसाचं जेवण सांगून ठेवा. किती माणसं, किती मत्स्याहारी, काय चालत नाही, हे एकदाच नीट सांगा. ती मंडळी सकाळी बाजारात जातात तेव्हा तेवढंच आणतात. दुपारी बाराला फोन करून सहा सुरमई थाळ्या मागितल्या तर बर्फातलीच मिळणार, त्यात त्यांचा दोष नाही.

तिरफळ

काय मागावं त्याबद्दल. सुरमई वाईट नाही, पण पर्यटकांमुळे तिची मागणी बारा महिने एकसारखी असते आणि मासा काही एकसारखा येत नाही. मग ती लांबच्या बंदरांवरून बर्फात येते. डिसेंबरात या किनाऱ्याचा खरा मासा म्हणजे बांगडा. हंगाम जोरात, दर कमी आणि खप इतका की शिळा राहायला वावच मिळत नाही.

बांगड्याचं तिखलं मागा. पातळ कालवण वेगळं आणि तिखलं वेगळं. तिखल्यात वाटण कमी, लाल मिरची, हळद, कोकम आणि तिरफळं. रस माशाला जेमतेम धरून असतो. तिरफळाची करामत अशी की जीभ किंचित बधिर होते आणि बांगड्याचा उग्र तेलकटपणा मागे पडतो. चार-पाच बांगड्यांना आठ-दहा तिरफळं पुरतात. आतली काळी बी काढून फक्त साल घ्यायची, जराशी ठेचायची आणि उकळी आल्यावर टाकायची. मिक्सरमध्ये वाटणासोबत फिरवली की कालवण कडू होतं. घाईच्या स्वयंपाकघरात नेमकं हेच होतं, म्हणून तिखलं कडवट लागलं तर मासा खराब आहे असं लगेच समजू नका. ताटात आलेलं तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं.

इतर नावं लक्षात ठेवा. तारली किंवा पेडवे: स्वस्त, काटेरी, तव्यावर केळीच्या पानात केले तर उत्तम. सौंदाळे: तळून. मुडदुशी: नाजूक मांस, मुलांना चालते, दर मात्र चढा. कर्ली: चव अप्रतिम आणि काटे बेसुमार. सवय नसलेल्यांनी आणि लहान मुलांनी वाटेला जाऊ नये. हलवा: पापलेटपेक्षा स्वस्त, कालवणाला पापलेटपेक्षा चांगला. मालवणात पापलेटला सरंगा म्हणतात हे माहीत असू द्या, नाहीतर समोर असून कळायचं नाही. २०२३ मध्ये तो राज्य मासा झाला. लहान सरंगा ताटात येत असेल तर नाकारा. वाढ न झालेला मासा पकडल्यानेही तो कमी झालाय.

बोंबील इथे मागू नका. तो मुंबई-पालघरपासून गुजरातपर्यंतच्या पाण्याचा मासा, मालवणात फार मिळत नाही. ताजा बोंबील म्हणजे जवळपास पाणीच, बर्फातून आठ-दहा तासांचा प्रवास झाला की त्याची पार लगदी होते. मग ती झाकायला रव्याचं जाड कवच येतं. बोंबील फ्राय आणि सुरमई फ्राय एकाच मेन्यूत वर्षभर दिसतायत म्हणजे तिथे बंदराशी काही देणंघेणं नाही.

"फिश फिलेट", "फिश टिक्का", "फिश फिंगर" यांत माशाचं नाव लिहिलेलं नसेल तर तो बहुधा बासा. तळ्यात वाढवलेला, चवीला सपाट. समुद्राकाठी येऊन तो खाण्यात काही हशील नाही.

रापण

तिरफळ यांच्या यादीत तिसऱ्या राहिल्या. तिसऱ्यांचं सुकं हा तारकर्ली-देवबागचा खरा मान आहे. एक किलो तिसऱ्या म्हणजे शिंपांचंच वजन जास्त, आतलं मांस फार थोडं. दोन-तीन जणांना तोंडीलावण्यापुरतं. त्या किमान दोन-तीन तास खाऱ्या पाण्यात ठेवून रेती सोडू द्यावी लागते. हे टाळलं की दाताखाली कचकच. शिजल्यावर न उघडलेली शिंप टाकून द्या, जबरदस्तीने उघडू नका. ती खराब असू शकते.

खेकड्याबद्दल इथे अमावास्येच्या आसपास घ्यावा, पौर्णिमेला पोकळ असतो असं म्हणतात. यावर वाद घालण्यापेक्षा हातात उचलून बघा: आकाराच्या मानाने जड लागला तर भरलेला. हलका आणि कवच दाबल्यावर लवचीक असेल तर नुकती कात टाकलेली आहे, आत पाणीच निघेल. मेलेला खेकडा कितीही स्वस्त असो, घेऊ नये. मेल्यावर फार लवकर खराब होतो.

मासे घेऊन करून घेणं: हो, घरगुती मुक्कामात सर्रास चालतं, पण आधी बोलून घ्या. करणावळ किलोमागे ठरवतात, त्यात मसाला-तेल धरलंय का ते स्पष्ट विचारा. मोठ्या हॉटेलात हे विचारू नका, नाही म्हणतात.

मालवण बंदरावर लिलाव होतो, पहाटे-सकाळी छोट्या होड्यांचा माल आणि संध्याकाळच्या बाजूला पुन्हा. वेळ भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर सरकते, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून निघा. लिलावात टोपल्यांनी बोली लागते, दोन किलो हवे असणाऱ्याचं तिथे काम नाही. तो बघायचा आणि मग शेजारी बसलेल्या बायकांकडून घ्यायचं. छोटा मासा किलोवर नाही, वाट्यावर मिळतो. वाट्यात वरचे दोन मासे टवटवीत आणि खालचे मऊ असा प्रकार असतो, म्हणून खालचा मासा उचलून बघा. बिनदिक्कत बघा, कोणी रागावत नाही. कापून देण्याचे पैसे वेगळे असतात, ते आधी विचारा.

पहाटे चिवला किंवा तारकर्लीच्या वाळूत रापण ओढताना दिसली तर थांबा. किनाऱ्यावरून होडीने अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांनी वीस-पंचवीस माणसं ते खेचतात. तिथला मासा मिसळीचा असतो, लहान-मोठा, चार-पाच जातींचा, आणि पाण्याबाहेर येऊन दहा मिनिटंसुद्धा झालेली नसतात. यापेक्षा ताजं पैसे देऊन मिळत नाही. जाळं ओढू लागलात तर कोणी हाकलणार नाही, पण वाट्याची अपेक्षा ठेवू नका. तो रापणकरांचा हिशोब असतो.

घाटावरचा

फार उपयोगी. ताज्या माशाची ओळख कच्च्या माशावर करता येईल, पण तळून ताटात आलेल्यावर कशी करायची? आणि ज्येष्ठांच्या जेवणाचं व ऍलर्जीचं कोणी सांगेल का?

खाडीकाठ

आधी कच्चा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उचलल्यावर लाल, बोट दाबल्यावर पडलेला खड्डा लगेच भरून येतो, पोट फुटलेलं नाही. बांगड्याचं पोट आधी जातं, म्हणून तिथे बघा. सरंग्याचा कल्ल्याजवळचा भाग दाबला की पांढरट पाणी आलं तर ताजा, तांबूस आलं तर राहू द्या. सुरमईची तुकडी घेताना मधल्या काट्याला मांस घट्ट चिकटलंय का बघा, काट्याभोवती तपकिरी कडं दिसलं तर सोडा. कल्ल्यावर एकट्यावर विसंबू नका, तो पाण्याने धुऊन किंवा दुसऱ्या माशाचं रक्त लावून लाल दाखवता येतो.

आता ताटातला. तळलेली सुरमई काट्यापासून मोठ्या पाकळ्यांनी सुटते आणि पाकळी ओलसर असते. बर्फात फार दिवस राहिलेली भुसभुशीत आणि कोरडी लागते, घशाला चिकटते. पुन्हापुन्हा वितळवून गोठवलेल्या माशाचं मांस पिठासारखं होतं. कालवणात बघायचं तर ताज्या बांगड्याची कातडी मांसाला धरून असते, शिळ्याची रश्श्यात सुटून तरंगते. आणखी एक खूण कवचाची: मालवणी पद्धतीत तांदळाच्या पिठाचा किंवा बारीक रव्याचा पातळ थर असतो, त्यातून माशाची कातडी दिसायला हवी. भज्यासारखं जाड आवरण आणि वर लिंबू-चाट मसाल्याचा मारा असेल तर आत काय आहे ते उघडून बघा.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बांगडा, सुरमई, कुप्पा (ट्यूना) हे मासे पकडल्यावर काही तास उन्हात-उकाड्यात राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं. एकदा झालं की शिजवून किंवा तळून जात नाही, मागून बर्फ घातला तरी जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा-मान लाल होते, डोकं धरतं, अंग खाजतं, छाती धडधडते. जिभेला मिरमिर जाणवते, पण कालवणात तिरफळ असेल तर ती मिरमिर ओळखू येत नाही. याला माणसं "मला बांगड्याची ऍलर्जी आहे" असं समजतात आणि जन्मभर सोडतात. खरं तर तो माशाच्या हाताळणीचा दोष असतो. म्हणून तुम्ही सकाळी मासे घेतलेत तर किल्ला बघून दुपारी परतेपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवू नका. थर्माकोलचा डबा घ्या, माशाच्या वजनाइतका चुरलेला बर्फ, एक थर बर्फ, एक थर मासा, आणि वितळलेलं पाणी काढून टाकायला खाली भोक. मासा त्या पाण्यात बुडून राहिला तर चवही जाते आणि मऊही पडतो.

ऍलर्जीचं. कोळंबी-कुर्ल्यांनी गांध्या उठतात म्हणजे ती गोष्ट हलक्यात घेऊ नका. "कोळंबी नको" एवढं सांगून भागत नाही. धोका चार ठिकाणी असतो. एक, तळणाचं तेल: कोळंबी आणि सुरमई एकाच कढईत. दोन, रवा-पीठ लावायची परात: एकाच परातीत सगळे मासे घोळतात. तीन, सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोळंबी: तो चटणीत, कैरीच्या कालवणात, दुधी-वांग्याच्या भाजीत सहज जातो आणि शिजल्यावर दिसतही नाही. इथे त्याला गोलमो म्हणतात, तो शब्द वापरा. चार, थाळीसोबत येणारी रश्शाची वाटी: बऱ्याच ठिकाणी एकच पातळ रस्सा सगळ्या थाळ्यांना असतो, आणि त्यात कोळंबीचं पाणी असू शकतं. सांगायचं असं: "ह्यांचा मासा पुसलेल्या तव्यावर, नव्या तेलात, वेगळ्या पिठात करा. रस्सा फक्त बांगड्याचा द्या." गर्दीच्या हॉटेलात हे पाळलं जाणार नाही, आश्वासन दिलं तरी. त्या माणसाचं माशाचं जेवण घरगुती ठिकाणीच ठेवा. तिसऱ्या-कालवं हा शिंपल्यांचा वर्ग वेगळा, पण ज्यांना कोळंबी चालत नाही त्यांतल्या काहींना तीही चालत नाहीत, प्रयोग सहलीत करू नये. डॉक्टरांनी दिलेलं औषध जवळ बाळगा. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला. श्वास लागणं, ओठ-घसा सुजणं दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

आगळ

शाकाहारींसाठी. मालवणी जेवण म्हणजे मासे हा गैरसमज हॉटेलांनी केलाय. शाकाहारी थाळीत पनीर मसाला आणि मिक्स व्हेज दिसली की उठा. मागायचं ते हे: काळ्या वाटाण्याचं सांबारं. भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण, चवीला कोंबडीच्या रश्शाच्या तोडीचं. वाटाणे आठ-दहा तास भिजावे लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगावंच लागतं. आयत्या वेळी केलेलं अर्धकच्चं राहतं आणि रात्रभर पोट फुगतं. ज्येष्ठांना तर नकोच. सोबत घावणे किंवा आंबोळी.

कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात हे पचायला हलकं, रात्रीसाठी योग्य. भात न सांगता मागितला तर पांढरा कोलम येतो. "उकड्याचा" म्हणून सांगा. अळूचं फदफदं, केळफुलाची भाजी, फणसाची भाजी हंगामाप्रमाणे. ओल्या काजूगरांची उसळ फार ऐकली असेल, पण ओले काजूगर फेब्रुवारी ते एप्रिलचे. डिसेंबरात मिळाली तर ती सुके काजू भिजवून केलेली असते, पैसे मात्र ओल्याचे. सकाळी न्याहारीला घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, किंवा शिरवाळे (तांदळाच्या शेवया). शिरवाळ्यांना साचा आणि दोन माणसं लागतात, तेही आदल्या दिवशी सांगायचं.

पातेली-पळे वेगळे हवे असतील तर मुक्काम ठरवतानाच विचारा. मालवण बाजारात निव्वळ शाकाहारी खाणावळीही आहेत, दुपारी दोन गट करून जेवलात तर कोणाचीच अडचण होत नाही.

सोलकढीबद्दल दोन शब्द, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथे. खरी सोलकढी म्हणजे नारळाचं दूध, कोकमाचं आगळ (खारवलेला रस), लसूण आणि हिरवी मिरची. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून मीठ जपून. नारळाचं दूध आणि आंबट एकत्र आलं की तासाभरात वर साय आणि खाली पाणी असं वेगळं होऊ लागतं, वाटी हलवली की पुन्हा एकजीव होते. दुपारी तीन वाजताही एकसारखी, भडक गुलाबी आणि गुळगुळीत असेल तर ती पावडरची. फिकट, जराशी जांभळट-गुलाबी आणि जिभेवर खोबऱ्याचा चोथा जाणवणारी चांगली. सकाळी केलेली सोलकढी संध्याकाळी पिऊ नका, नारळाचं दूध उकाड्यात लगेच आंबतं.

तिरफळ

कोंबडी-वड्यांचंही सांगून टाकतो, गुरुवारचा प्रश्न अजून लटकलाय. अर्थात ज्यांचा गुरुवार कडक त्यांनी आगळ यांची यादी धरावी. वडे म्हणजे तांदूळ, उडीद, थोडे धणे-मेथी-बडीशेप यांच्या जाडसर पिठाचे. तोडल्यावर आत किंचित जाळी, चावायला चिवटसर-मऊ. गव्हाच्या पिठाच्या पुऱ्या वडे म्हणून येतात, त्या पातळ आणि कागदासारख्या फाटतात, परत पाठवा. गावठी कोंबडी हवी तर सकाळी सांगा, ती शिजायला तास-सव्वा तास लागतो. ऑर्डर दिल्यावर पंधरा मिनिटांत आलेली गावठी कोंबडी गावठी नसते.

रापण

खर्च आणि रस्ता. दर साइजप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे हलतात, म्हणून हा फक्त अंदाज: बांगडा थाळी साधारण २०० ते २८०, सुरमई ३५० ते ५००, सरंगा त्याहून वर, शाकाहारी १२० ते २००. म्हणजे चौघे मत्स्याहारी आणि दोघे शाकाहारी, सुरमई-बांगडा निम्मे-निम्मे धरले तर एका जेवणाला साधारण साडेतेराशे ते दोन हजार. शेवंड (लॉबस्टर), मोठी कोळंबी, खेकडे यांचे दर मेन्यूत "साइजप्रमाणे" लिहिलेले असतात. तिथे वजन करून, एकूण रक्कम ऐकून मगच हो म्हणा. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हाही प्रश्न विचारा. अख्ख्या सुरमईत डोकं-पोट-शेपटीत पाव भागाच्या आसपास जातं. डोकं टाकू देऊ नका, त्याचंच कालवण सगळ्यात चविष्ट.

वेंगुर्ल्याच्या दिवशी सकाळी लवकर निघा आणि आधी वेंगुर्ला मासळी बाजार बघा, मग शिरोडा-वेळागर. जेवण वेंगुर्ला गावात घ्या. शिरोड्याच्या किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर चहा-भजी ठीक, माशासाठी थांबू नका. तिथून पुढे गोव्याची हद्द जवळ आहे आणि काही हॉटेलं गोव्याच्या पद्धतीचं कालवण वाढतात. वाईट नसतं, पण तुम्ही ज्यासाठी आलात ते नव्हे.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी मात्र कोणालाही सुचवणार नाही. गिऱ्हाईक कित्येक पट आणि होड्या तेवढ्याच. तुमचा आठवडा त्याआधीचा आहे, ठीक आहे. आणि पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमई थाळीची पाटी दिसली तर ती गोठवलेलीच. तेव्हा नदी-खाडीचे मासे आणि सुकं खावं.

खाडीकाठ

सुकं घेऊन जाणार असाल तर डिसेंबरात कमी घ्या. वर्षाची खरेदी इथली माणसं एप्रिल-मेमध्ये करतात, तेव्हा उन्हं कडक आणि माल खडखडीत असतो. घ्यायचाच तर खारा बांगडा वाकवून बघा: वाकला आणि हाताला ओल लागली तर घरी जाईपर्यंत बुरशी धरेल. जवळा मुठीत घेऊन कागदावर टाका, तो उचलल्यावर खाली रेती राहिली तर दुसरीकडे जा. गाडीत नेताना दोन प्लास्टिक पिशव्या आणि वर घट्ट झाकणाचा डबा, नाहीतर घाट चढताना काचा उघड्या ठेवाव्या लागतील. घरी गेल्यावर एक दिवस ऊन दाखवून मग बरणीत भरा. किसमूर (सुक्या माशाची कोशिंबीर) करायची तर बांगडा मंद आचेवर भाजून, काटे काढून, चुरा करून त्यात ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि कोकमाचे दोन तुकडे. आयत्या वेळी कालवायचं, अगोदर करून ठेवलं की खोबऱ्याला पाणी सुटतं.

आगळ

कोकम घेताना वरून साखर किंवा मिठाचे खडे चमकताना दिसले तर वजन त्याचंच. चांगलं सोल काळपट, मऊ आणि चिकटसर असतं. आगळाची बाटली उलटी करून तळाशी गाळ किती ते बघा, थोडा असणारच. आणि ती पिशवीत आडवी ठेवू नका, झाकणातून गळतं आणि कपड्यावरचा तो डाग निघत नाही.